शिक्षकांचा शिक्षक पेस्टालॉझी

वस्तुपाठ हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एखाद्याच्या आचरणापासून पुष्कळ शिकण्यासारखें असलें म्हणजे तें आचरण हा वस्तुपाठच होय, असें आपण सहज म्हणतों. परंतु हा शब्द शाळेंतलाहि आहे. आंबा, शिंपला किंवा लोखंडाचा तुकडा यांची नुसती व्याख्या घोकावयास न लावतां तो पदार्थ मुलांच्या हातीं द्यावा. त्यांनीं तो पाहावा, चाचपावा, तोलावा आणि मग त्याविषयीं बोलावें. अशा पाठास शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजांत वस्तुपाठ म्हणत आले आहेत. ही पद्धति मुख्यतः ज्या पुरुषाच्या नांवानें जगभर पसरली, त्याचें चरित्र या अंकीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

योहान हाइन्रिख पेस्टालॉझी याचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. त्याचा बाप शस्त्रवैद्य होता. हाइन्रिख पांच वर्षांचा असतांच बाप निवर्तला. मरणसमयीं त्यानें बार्बरा नांवाच्या घरांतील मोलकरणीस जवळ बोलावून, आपल्या बायकापोरांस अंतर देऊं नये, अशी विनंति केली. त्या गरीब बाईनें दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला. बाजार उठण्याच्या वेळीं भाजी दोन पैसे स्वस्त मिळते म्हणून ती मुद्दाम उशिरां बाजारांत जाई. कपडे व जोडे झिजतील म्हणून मुलांस बाहेर खेळूं देत नसे. यामुळें घर चाललें खरें, पण हाइन्रिख मात्र लाजाळू, वेंधळा व व्यवहारांत अगदीं भोळा असा वाढला. शाळासोबती त्याची टर उडवीत. एकदां भूकंपाचा धक्का बसला तेव्हां गुरुजी व मुलें धडपडत खालीं पळालीं, आणि वर राहिलेल्या टोप्या व पुस्तकें आणावयास सर्वांनीं ह्या वेंधळ्यासच पुढें केलें. तोहि निमूटपणें वर जाऊन तीं घेऊन आला.

त्याचे आजोबा झुरिकजवळच्या एका खेड्यांत पाळक होते. सुटींत तो त्यांच्याकडे जाई व गरिबांच्या झोंपड्यांतून त्यांच्याबरोबर हिंडे. तेथें त्यास एक गोष्ट दिसली. खेड्यांतील लहान मुलें आरंभीं तरतरीत व आनंदी असत. पण कारखान्याच्या कामास किंवा शाळेच्या घोकंपट्टीस जुंपलीं कीं, थोड्याच दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावरचें तेज मावळे. हें असें कां व्हावें, हा प्रश्न त्या मुलाच्या मनांत शिरला तो पुढें सत्तर वर्षें निघाला नाहीं.

मोठेपणीं त्यानें धर्मोपदेशकाचा व कायद्याचा असे दोन्ही मार्ग सोडले आणि बिर या गांवाजवळ पडीक जमीन घेऊन शेती आरंभिली. त्या जागेस त्यानें न्यूहोफ असें नांव दिलें. १७६९ मध्यें ॲना शुल्टहेस हिच्याशीं त्याचें लग्न झालें. ती सुखवस्तु घराण्यांतली, वयानें त्याच्याहून मोठी. तिच्या आईबापांस हा संबंध पसंत नव्हता. शेती बुडाली. तेव्हां ह्या गृहस्थानें काय करावें? १७७४ च्या सुमारास त्यानें आपल्या घरीं भिकाऱ्यांचीं मुलें आणून ठेविलीं! त्यांनीं सूत कातावें, विणावें, शेतांत खपावें आणि हात चालतां चालतां तोंडानें शिकावें, अशी त्याची योजना होती. कांहीं आईबाप मुलांच्या अंगावर नवे कपडे आले कीं त्यांस परत घेऊन जात. माल विकण्याची कला पेस्टालॉझीस नव्हती. १७८० मध्यें ती शाळा बंद पडली आणि बायकोचें वित्तहि त्यांत बुडालें. ज्या गरिबांकरितां त्यानें हें केलें तेच त्यास हंसूं लागले.

पुढें पोट भरण्याकरितां त्यानें लेखणी हातीं धरली. १७८१ मध्यें त्याची 'लिओनार्ड व गर्ट्रूड' ही कादंबरी निघाली व तिनें त्याचें नांव दूरवर नेलें. तिच्यांतील गर्ट्रूड ही खेड्यांतील एक साधी आई आहे. ती मुलांस खिडकीचीं तावदानें व चालण्याचीं पावलें मोजावयास लावून घरकामांतच अंकगणित शिकविते. लोकांनीं गोष्ट आवडीनें वाचली, पण तिच्यांतील शाळा काढण्यास कोणी पुढें आलें नाहीं.

अशीं बरींच वर्षें गेलीं. १७९८ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें स्टान्स हें गांव जाळून लोकांची कत्तल केली व शेंकडों मुलें पोरकीं झालीं. सरकारनें तेथील एका मठांत अनाथालय उघडलें व तें पेस्टालॉझीच्या हातीं दिलें. त्याचें वय तेव्हां बावन वर्षांचें होतें. इमारत अर्धवट, भिंती ओल्या, मदतीस फक्त एक कामवाली बाई, आणि मुलें? कोणी खरजेनें भरलेलीं, कोणी उपासानें सुकलेलीं, कोणी चोरटीं व संशयी. ह्या ऐंशींच्या आसपास मुलांत तो रात्रंदिवस एकटा राहिला. तो त्यांच्याबरोबर जेवी, आजाऱ्यांच्या उशाशीं बसे, रात्रीं सर्वांच्या शेवटीं निजे व सकाळीं सर्वांच्या आधीं उठे. पुस्तकें नव्हतीं, दुसरा शिक्षक नव्हता. म्हणून ज्या मुलास जें येत असे तें तो शेजारच्या दोघांस शिकवूं लागला. पांच-सहा महिन्यांत मुलांचे चेहरे पालटले. पण १७९९ च्या जूनमध्यें सैन्यास दवाखान्याकरितां ती जागा हवी झाली, आणि शाळा मोडली.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. स्टान्सहून थकून-भागून गेल्यावर पेस्टालॉझीनें आपल्या एका स्नेह्यास तेथील हकीकत सविस्तर लिहून कळविली. त्या पत्रांत त्यानें केवळ यश सांगितलें नाहीं. आपण कोठें गोंधळलों, कशास भ्यालों, मुलांवर हातहि कसा उगारला, हें सर्व त्यानें झांकून न ठेवतां लिहिलें. पुढें १८०७ मध्यें तें पत्र छापून निघालें. शिक्षकानें आपले प्रयोग, त्यांतील चुकांसह, दुसऱ्या शिक्षकांपुढें उघडे करावे, ही पेस्टालॉझीच्या जीवनाची गुरुकिल्ली होय.

स्टान्सनंतर तो बुर्गडोर्फ या गांवीं आला. गरिबांच्या ज्या शाळेंत त्यास जागा मिळाली तेथील मुख्य शिक्षक पोटापुरता चांभारकाम करणारा होता. त्यास हा नवा म्हातारा आवडला नाहीं. पालकांनींहि तक्रार केली. तेव्हां पेस्टालॉझीस लहान मुलांच्या दुसऱ्या एका शाळेंत पाठविण्यांत आलें. भिंतीवरचा कागद जुना व फाटका होता. त्याकडे बोट करून तो मुलांस काय दिसतें म्हणून विचारी. भोंक दिसतें. कसलें भोंक? लांब भोंक. त्याच्या मागें काय? भिंत. अशा रीतीनें पाहणें व बोलणें यांची सांगड घालून तो भाषा शिकवी. १८०० च्या मार्चांत गांवच्या शाळा-समितीनें परीक्षा घेतली आणि मुलांची प्रगति पाहून समाधान व्यक्त केलें. ज्यास आपल्या बरोबरीच्यांनीं जन्मभर वेडा ठरविलें होतें, त्यास वयाच्या चौपनाव्या वर्षीं हें पहिलें प्रशस्तिपत्र मिळालें.

आतां एकट्याचें दुकट्याचें झालें. हर्मन क्रूसी नांवाचा तरुण, जो एके काळीं पाठीवर सुताचीं ओझीं घेऊन डोंगर ओलांडीत असे, तो युद्धानें पोळलेल्या भागांतील मुलें बरोबर घेऊन आला. टोब्लर हा खासगी शिकवण्या करणारा व बुस हा पुस्तकें बांधणारा, हे दोघे पाठोपाठ आले. क्रूसीनें भाषा, बुसनें चित्रकला, असें जें तें ज्याच्या त्याच्या हातीं आलें. गांवाबाहेरील किल्ल्यांत शाळा भरूं लागली. संख्या, आकृति व शब्द हे सर्व शिक्षणाचे तीन पाये आहेत, हा पेस्टालॉझीचा विचार. परंतु त्यावर प्रत्यक्ष इमारत उभारली ती ह्या मंडळीनें मिळून. १८०१ मध्यें 'गर्ट्रूड आपल्या मुलांस कसें शिकविते' हा त्याचा ग्रंथ निघाला, त्यांत ह्या सहकाऱ्यांच्या श्रमांचा त्यानें नांवानिशीं उल्लेख केला आहे.

मुलांपासून शिकण्यासहि तो कमीपणा मानीत नसे. एकदां शिडीचें चित्र दाखवून पाठ चालला असतां, अंगणांत खरी शिडी असतां चित्र कशाला, असें एका मुलानें विचारलें. पुढें खिडकीचें चित्र निघालें, तेव्हां पुन्हां तीच शंका आली. मुलाचें म्हणणें बरोबर आहे असें म्हणून पेस्टालॉझीनें चित्रें बाजूस ठेविलीं, असें सांगतात. वस्तुपाठाची दिशा अशा रीतीनें एका मुलाच्या शंकेनें पक्की केली!

१८०५ पासून ही शाळा इव्हर्डन येथें स्थिरावली. न्यूशातेल सरोवराच्या कांठीं चार बुरुजांचा जुना किल्ला आहे, तो नगरवासीयांनीं तिला दिला. भरभराटीच्या काळीं तेथें दीडशेंच्या आसपास मुलें होतीं. श्रीमंत, गरीब, जर्मन, फ्रेंच, इतरहि देशांचीं. शिक्षक मुलांच्याच खोल्यांत निजत, त्यांच्याबरोबर खेळत व डोंगर चढत. सकाळीं अंगणांतल्या थंड पाण्यानें स्नानें होत. विस्कटलेले केस, देवीच्या वणांचा चेहरा, सुटलेला गळपट्टा व घसरलेले मोजे अशा वेषांत पेस्टालॉझी वर्गावर्गांतून हिंडे, आणि मुलें त्यास बाबा म्हणून बिलगत.

तेथील भूगोलाचा पाठ कसा होता तें पाहा. प्रथम मुलांस जवळच्या एका दरींत नेत. वरून ती सबंध पाहावी, मग खालीं उतरून तिचा कोपरान् कोपरा पाहावा. परत येतांना प्रत्येकानें तेथील चिकणमाती बरोबर आणावी. शाळेंत मोठ्या टेबलांवर त्या मातीची दरी बनवावी. दुसऱ्या दिवशीं पुढें जाऊन आणखी टेंकड्या जोडाव्या. असें करतां करतां सारा प्रदेश मातीचा तयार झाला, म्हणजे मग नकाशा पुढें ठेवावयाचा. त्या वेळीं मुलांस तो नुसता रेघांचा जाळ वाटत नसे; आपण केलेली दरीच कागदावर दिसे.

शाळा सुटल्यावर शिक्षकांचें काम संपत नसे. ठरलेल्या दिवशीं सर्व शिक्षक एकत्र बसत. कोणता मुलगा कोठें अडला, कोणता पाठ फसला, कोणत्या युक्तीनें साधला, याची मोकळी चर्चा होई. हें ज्ञान त्यांनीं किल्ल्याच्या भिंतींत कोंडून ठेविलें नाहीं. १८०७ मध्यें त्यांनीं शिक्षणविषयक साप्ताहिक काढलें. १८०८ मध्यें लेन्झबुर्ग येथें शिक्षणप्रेमी लोकांची सभा स्थापन झाली, तिचा अध्यक्ष पेस्टालॉझीच होता. प्रशियाच्या सरकारनें आपले निवडक तरुण शिक्षक तेथें शिकावयास पाठविले. ते परत जाऊन शिक्षकांच्या शाळा चालवूं लागले. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल १८०८ पासून १८१० पर्यंत तेथें राहिला. सुप्रसिद्ध भूगोलज्ञ कार्ल रिटर तेथें जाऊन आला. पेस्टालॉझीस भूगोलाची माहिती फारशी नव्हती, तरी भूगोल कसा अभ्यासावा याची दृष्टि आपणांस तेथेंच मिळाली, हें रिटर पुढें मोकळेपणें कबूल करी.

ह्या पाहुण्यांत एकाचा आपल्या हिंदुस्थानाशीं संबंध आहे. डॉ. अँड्र्यू बेल हा मद्रासेस सैनिकांच्या पोरक्या मुलांच्या शाळेवर होता. तेथील देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें काढतांना त्यानें पाहिलीं, आणि तीच रीत उचलून मोठ्या मुलांनीं लहानांस शिकविण्याची पद्धति बसविली. आपल्या आजोबा-पणजोबांनीं धुळपाटीवर गिरविलेलीं अक्षरें आठवा. तसलीच रीत मद्रासेहून विलायतेस गेली. हा बेल १८१६ मध्यें इव्हर्डनला आला. त्यास पेस्टालॉझीची रीत पसंत पडली नाहीं. ती लौकरच विसरली जाईल असें त्याचें मत झालें. वास्तविक स्टान्सच्या मठांत, एकटा असतां, पेस्टालॉझीनेंहि मुलांकडून मुलांस शिकविलें होतें. पण बेलच्या पद्धतींत पाठ झालेलें पुढें पोंचविणें मुख्य, आणि पेस्टालॉझीस मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें मुख्य. दोघे भेटले, बोलले, मतभेद घेऊन वेगळे झाले. यांत वाईट कांहीं नाहीं. अशा भेटींनींच विचार पारखले जातात.

पेस्टालॉझीनें स्वतःहि आपली पारख करून घेतली. आपल्या शाळेची तपासणी व्हावी अशी त्यानें सरकारास विनंति केली. १८०९ मध्यें तिघांचें मंडळ आलें. त्यांत फादर जिरार हा नामांकित शिक्षक होता. मंडळानें पेस्टालॉझीच्या अंतःकरणाची स्तुति केली, पण ही शाळा सार्वजनिक शाळांस नमुना होण्याजोगी नाहीं असा अभिप्राय दिला. त्यास दुःख झालें; तरी त्यानें शाळेचीं दारें पाहुण्यांस मिटलीं नाहींत. १८१४ मध्यें ऑस्ट्रियन सैन्याच्या दवाखान्याकरितां किल्ला मागण्यांत आला, तेव्हां हा म्हातारा बासेल येथें रशियाच्या बादशहापुढें उभा राहिला. शाळा वांचविण्याचें बोलतां बोलतां तो रशियांतील गुलाम शेतकऱ्यांस मुक्त करा व त्यांच्या मुलांकरितां शाळा काढा म्हणून सांगूं लागला, आणि भरांत पुढें पुढें सरत गेला. बादशहानें राग मानला नाहीं, शाळाहि वांचली.

परंतु बादशहाच्या दारीं वांचलेली शाळा आपसांतील कलहानें बुडाली, हें सांगतांना खेद होतो. नीडरर हा विद्वान पाळक, तत्त्वज्ञानांत निष्णात. श्मिड हा ह्याच शाळेंत शिकून शिक्षक झालेला, गणितांत अलौकिक व व्यवहारांत कडक. दोघेहि शाळेस हवे होते, पण एकमेकांस नको होते. १८१० मध्यें श्मिड गेला, १८१५ मध्यें परतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ॲना वारली. तिच्याबरोबर घरांतील शांतताहि गेली. पहिल्या दिवसापासूनचा सोबती क्रूसी १८१६ मध्यें व नीडरर १८१७ मध्यें शाळा सोडून गेले. पुढें वर्षानुवर्षें कोर्टकचेऱ्या चालल्या. पेस्टालॉझीचाहि यांत दोष होता. ज्याच्यावर विसंबला त्याच्या तो अगदीं आधीन होई, आणि दोघांस एका गाडीला जुंपून चालविण्याचें कसब त्यास नव्हतें. १८२५ मध्यें शाळा बंद झाली व ऐंशीच्या घरांत आलेला तो वृद्ध, जेथें प्रथम अपयश आलें त्या न्यूहोफला परतला. तेथें शेवटच्या लेखांत त्यानें आपल्या चुकांचा पाढा स्वतःच वाचला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें तो मरण पावला. बिरच्या शाळेजवळ त्यास पुरलें. १८४६ मध्यें, त्याच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, आरगाउ प्रांतानें तेथील नव्या शाळेच्या भिंतीशीं त्याचें स्मारक उभारलें.

किल्ल्यांतील शाळा गेली. पण तेथून जें बाहेर वाटलें गेलें होतें तें कोणास बुडवितां आलें नाहीं. चार्ल्स मेयो यानें तेथें राहून शिकलेली रीत इंग्लंडांत नेली व त्याच्या बहिणीनें वस्तुपाठांचें पुस्तक लिहिलें. जोसेफ नीफ तीच रीत घेऊन अमेरिकेस गेला. क्रूसीच्या मुलानें पुढें अमेरिकेंतील ऑस्विगो येथें शिक्षक तयार केले. प्रशियाच्या शाळांस तिनें नवें वळण दिलें. पेस्टालॉझीनें तें सर्व आपल्याच पेटींत ठेविलें असतें, तर १८२५ सालींच तें संपलें असतें.

शिक्षकाचा धंदा करूं लागल्यास मला पुष्कळ वर्षें झालीं. पहिल्या वर्षीं माझ्या वर्गास अपूर्णांक कांहीं केल्या समजेनात. शेजारच्या वर्गांत मात्र मुलें भराभर उत्तरें देत. तेथील वडील शिक्षकांस विचारण्याची मला लाज वाटे. म्हणून व्हरांड्यांतून जातां येतां मी चोरून पाही. एके दिवशीं त्यांनीं मला पाहिलें, आंत बोलाविलें आणि कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक कसे दाखवावे तें समजावून दिलें; नंतर त्यांनींच मला विचारलें कीं, तुम्ही कविता कशी शिकवितां तें पाहावयास मी येऊं काय? त्या दिवशीं मी जें शिकलों तें ट्रेनिंग कॉलेजांतहि शिकलों नव्हतों.

विद्यार्थी मित्रांनो, आपणांस आलेलें गणित शेजाऱ्यापासून झांकून ठेवण्याचा मोह तुम्हांसहि होत असेल. आणि न आलेलें लपविण्याचा तर त्याहून अधिक होत असेल. पालकहो, मुलाची चूक पाहून आपण रागावतों, तेव्हां ती चूक तो पुढच्या खेपेस आपल्यापासून लपवितो. इव्हर्डनच्या शिक्षकांनीं चुका मोकळेपणें पुढें मांडल्या तोंवर ती शाळा सर्व युरोपाची शाळा होती. एकमेकांचे दोष दाखविण्यास त्यांचा उपयोग होऊं लागला तेव्हां ती मोडली. विद्या दिल्यानें वाढते असें आपण नेहमीं म्हणतों. ती देतांना व घेतांना मन नम्र असलें पाहिजे, एवढें या थोर व भोळ्या शिक्षकाच्या चरित्रापासून आपण सर्वांनीं शिकावें.